पितळी कडी

पहारमिस्त्रीची एक पद्धत होती. पाया खणण्याआधी तो घरातल्या प्रत्येक माणसाला उघड्या जमिनीवर आडवं निजवायचा आणि त्याच्याभोवती पांढऱ्या फक्कीची रेघ मारायचा. नकाशा, टेप, फुटपट्टी हे सगळं नंतर. "कागदावर कुणी झोपत नाही," असं तो म्हणायचा. "उतारावर घर बांधायचं तर माणूस एकदा त्या उतारावर निजलेला बरा. डोकं डोंगराकडे, पाय खाली. उलटं निजलात तर जन्मभर डोकं धरून बसाल." पहार खडकावर आपटायची, कान द्यायचा आणि आत काय आहे ते सांगायचं, हे त्याचं कसब, म्हणून त्याला पहारमिस्त्री म्हणत. त्या बाजूच्या डोंगरावरची निम्मी घरं त्याच्या हातची होती. खडकाशी तो चांगला बोलायचा. माणसांशी बोलताना मात्र त्याच्या जिभेला हाड नसे.

तर एका सकाळी डोंगराच्या अंगावरच्या त्या तुकड्यावर एक अख्खं कुटुंब आळीपाळीने लोळत होतं. आधी भाऊ निजला. नवी पँट मळेल म्हणून त्याने खाली वर्तमानपत्र घेतलं, तर मिस्त्रीने ते ओढून काढलं. मग वहिनी निजली, पर्स पोटावर ठेवून. "कुठल्या कुशीवर झोपता?" मिस्त्रीने विचारलं. वहिनी सवयीने वळली, ती नवऱ्याकडे पाठ करून. "समजलं," म्हणत मिस्त्रीने दोघांच्या मध्ये हातभर जागा जास्त धरली. त्यांची मुलगी हातपाय फेकून पडली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "हिला अर्धा डोंगर लागणार." आई काही निजायला तयार होईना. "मला कशाला आत्तापासून आडवी करताय? चौघे जण गोळा करा, मग निजते निवांत." सगळे हसले. शेवटी मिस्त्रीने तिला उभीच ठेवून, तिची सावली मापून, पुढच्या बाजूला खिडकीजवळ तिची जागा आखली.

या सगळ्यात टेपचं दुसरं टोक धरून आणि काखेत चहाचा थर्मास मारून एक बाई उभी होती. ती ताई. वय अठ्ठावन्न, भावाची थोरली बहीण, आणि सांगायला हरकत नाही, ज्या जमिनीवर हे सगळे लोळत होते ती जमीन हिची.

"तुमचं राहिलं," मिस्त्री म्हणाला.

"ताईचं काय घेऊन बसलात मिस्त्री?" भाऊ पँट झटकत म्हणाला. "तिला कुठेही झोप लागते."

वहिनी हसली, भाची हसली. सगळ्यांच्या आधी ताई स्वतः हसली, कारण आपल्यावरचा विनोद दुसऱ्यांच्या आधी हसून संपवायचा, हे ती फार लहानपणी शिकली होती. मिस्त्री तेवढा हसला नाही. त्याला ताईचा कळवळा आला होता असं नाही. काम अर्धवट ठेवलेलं त्याला खपत नसे. "राहणार ना इथंच? मग निजा. मला दुपारी दुसरीकडे जायचंय."

ताई निजली. पाठीला एक खडा टोचत होता, तो तिने टोचू दिला. वर मोकळं आभाळ होतं. अंगाभोवती फक्की सरसर पडत गेली आणि तिला वाटलं, हे बरं आहे, एवढं तर एवढं, पण हे माझं. तेवढ्यात आई घरी जायची घाई झाल्यासारखी निघाली आणि तिच्या पायांवरून तिला ओलांडून पलीकडे गेली.

आता हे ओलांडणं काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. खालच्या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत ही पाच माणसं राहत. एका खोलीत भाऊ, वहिनी आणि भाची, दुसऱ्या खोलीत आई आणि भांडीकुंडी. ताईचं अंथरूण दोन्ही खोल्यांच्या मधल्या बोळात, मोरीच्या तोंडाशी. सगळे झोपल्यावर ते घालायचं आणि सगळे उठायच्या आत गुंडाळायचं. मध्ये ज्याला मोरीकडे जायचं तो तिला ओलांडून जाई. कुणाचा पाय केसांवर पडे, कुणाचा पोटावर. एकतीस वर्षं. कोण ओलांडून गेलं ते तिला डोळे मिटूनही पावलांवरून कळायचं. आईचं पाऊल सगळ्यात जड होतं.

म्हणून घाईने दया करू नका. ताई काही गरीब गाय नव्हती. एकोणतीस वर्षं तिने बस आगारात हरवलेल्या सामानाची खिडकी सांभाळली. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, चपलांचे एकेक पाय, चष्मे, कवळ्या, सगळं तिच्याकडे यायचं. आगारात तिला छत्रीबाई म्हणत. नियम असा की वस्तू वर्षभर ठेवायची, कुणी खूण पटवून नेली तर ठीक, नाहीतर वर्षाने मोडीच्या ढिगात. खूण पटल्याशिवाय छत्रीबाई टाचणीसुद्धा देत नसे. एकदा एक म्हातारा काठी न्यायला आला. काठी त्याच्या डोळ्यांसमोर होती, तो बोट दाखवत होता. "काठीला गाठी किती?" हिने विचारलं. त्याला सांगता येईना. जन्मभर हातात धरलेल्या काठीच्या गाठी कोण मोजतं? हिने काठी दिली नाही. म्हातारा भिंत धरून धरून गेला. वर्षाने काठी मोडीत गेली. हे ताईने घरी हसत हसत सांगितलं होतं. माणसाला जिथे खिडकीच्या आत बसायला मिळतं तिथे तो असाच वागतो, ताईही वागली.

लग्नाची दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असताना आईने पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या ताईला मुळी संसाराची आवडच नाही हो." ताईच्या हातातला ट्रे हललासुद्धा नाही. तिसरं स्थळ आलं नाही.

आगाराने डोंगरावर कर्मचाऱ्यांना जमिनीचे तुकडे वाटले, तेव्हा चढ बघून निम्म्यांनी नाकं मुरडली. ताईने मुकाट सही केली. निवृत्तीला जे काही हाती आलं तेही तिने या घरात घातलं. आगाराचा एक रिवाज होता, निवृत्त होणाऱ्याने जाताना मोडीतली आवडेल ती एक वस्तू उचलायची. आधीच्या बाईने भिंतीवरचं घड्याळ नेलं होतं. ताईने ढीग उपसून एक पितळी कडी काढली. अंगठ्याएवढी जाड, सरकवायची, कुणी तरी बसमध्ये कागदात गुंडाळून विसरलेली. आगारातल्यांनी पोट धरून हसून घेतलं. "छत्रीबाई, दार कुठाय?"

दार या घरात होणार होतं. तीच कडी तिने फक्कीच्या रेघेत आडवं पडल्या पडल्या पिशवीतून काढून मिस्त्रीला दाखवली. "मला दुसरं काही नको. खिडकी कुठेही काढा. दाराला ही कडी पाहिजे. आतून."

मिस्त्रीने कडी तळहातावर तोलली. "घराआधी कडी आणलेलं पहिलंच गिऱ्हाईक," तो म्हणाला. "बसवून देईन. आतून."

*

भिंती उभ्या राहायला लागल्या आणि ताईला काम लागलं. नव्या बांधकामावर दिवसातून दोनदा पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट तडकतं. भावाला कामावर जायचं, वहिनीला चढ झेपत नाही, भाचीचा अभ्यास. म्हणजे ताई. सकाळी ती चढून जाई, पाइपाने भिंतीन् भिंत भिजवी, उतरून येऊन स्वयंपाक करी, पुन्हा संध्याकाळी चढे. गुडघे कुरकुरायचे. तिच्या खोलीची भिंत सगळ्यात मागे, डोंगराच्या बाजूला होती, आणि तिथे पाइप जरा जास्त रेंगाळायचा.

"ताई," मिस्त्री म्हणाला, "बाकीच्या भिंती काय सावत्र आहेत?"

ताई लाजली. अठ्ठावन्नाव्या वर्षी लाजली, तेही भिंतीवरून.

तिची खोली आधी चांगली ऐसपैस होती. मग एक दिवस मिस्त्रीने मागच्या बाजूला पहार आपटली, कान दिला आणि मान हलवली. "हा बसलाय. उठायचा नाही. आपणच सरकायचं." खोली दीड हाताने सरकली. मग डोंगराच्या बाजूची भिंत उंच घ्यावी लागली, नाहीतर माती आत येईल, म्हणून खिडकी गेली आणि वर छताजवळ एक झरोका राहिला. मग भाचीच्या खोलीला स्वतःची न्हाणी हवी झाली आणि ती जागा डाव्या हाताने ताईच्या खोलीतून घेतली गेली. प्रत्येक वेळी भाऊ हळुवार आवाजात सांगायचा आणि प्रत्येक वेळी ताई एकच प्रश्न विचारायची.

"दार राहतंय ना?"

"दाराशिवाय खोली कशी असेल ताई? काहीतरीच तुझं."

"मग चालेल."

मला या बाईचा राग येतो. काठीच्या गाठी विचारणारी बाई ही. दुसऱ्याच्या वस्तूसाठी नियम दाखवणारी, आणि स्वतःच्या खोलीचा लचका तोडला जात असताना "चालेल" म्हणणारी. जमीन तिची होती. एकदा जोरात "नाही" म्हणाली असती तर आभाळ कोसळलं नसतं. पण ते तिच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं, आणि बाकीच्यांना ते पक्कं ठाऊक होतं. सोप्या माणसाला कोण सोडतं?

पावणेदोन वर्षं काम चाललं. त्यातच आईचं डोकं फिरायला लागलं. आधी नावं विसरली, मग जेवल्याचं विसरली, आणि एका दुपारी सगळ्यांचा डोळा चुकवून घराबाहेर पडली. अडीच तास शोधाशोध झाली. मग आगारातून फोन आला, ताईच्या जागी आता खिडकीत बसणाऱ्या माणसाचा. हा जुना थट्टेखोर. "छत्रीबाई, तुमच्या नावाची एक वस्तू आलीय. खूण पटवायला या."

आई खिडकीच्या आत बाकावर, छत्र्यांच्या ओळीखाली बसली होती. एका पायात चप्पल होती. ती कुठल्या तरी बसमध्ये चढली होती आणि शेवटच्या थांब्यावरून वाहकाने तिला परत आणून इथे जमा केलं होतं.

"चल आई."

"ही कोण?" आईने खिडकीवाल्याला विचारलं. "मी हिच्याबरोबर जाणार नाही. माझा मुलगा येणार आहे."

"बघा," तो म्हणाला, "वस्तू म्हणतेय तुमची नाही. नियम तुमचाच आहे बाई, खूण सांगा." तो थट्टाच करत होता, पण वही मात्र त्याने खरीच उघडली होती.

ताईने सांगितलं, डाव्या कानाची पाळी फाटलेली. उजव्या हाताच्या करंगळीला नख नाही. मानेवर मागे, केसांखाली, मसुराएवढा तीळ. आईचं अंग तिच्याइतकं पाठ असलेलं माणूस जगात दुसरं नव्हतं. खिडकीवाल्याने तीळ बघितला, वही पुढे केली आणि ताईने मालकाच्या रकान्यात सही केली.

रात्रीच्या जेवणाला भावाने विचारलं, "सही कुणाच्या नावाने केलीस?"

"माझ्या."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि भाजी वाढून घेतली.

आठवड्याभराने ताई पाणी मारायला वर गेली, तेव्हा तिच्या खोलीच्या कोऱ्या फरशीवर मिस्त्री खडूने दुसरा चौकोन आखत होता. एका कॉटच्या मापाचा, तिच्या चौकोनाला खेटून.

"हे काय?"

"साहेब सांगून गेले. आजींची कॉट." मिस्त्रीने वर पाहिलं नाही. "पुढची खोली बसायउठायला करायचीय. माणसं येणार-जाणार, आजी मध्ये बोलतात, कपडे काढतात, बरं दिसत नाही."

ताईने घरी जाऊन विचारलं. भाऊ अतिशय समजुतीने बोलला. या माणसाने आयुष्यात आवाज चढवला नाही. ज्याचं सगळं मनासारखं होतं त्याला चढवावा लागत नाही. "थोडे दिवस गं. तात्पुरतं. तिला एकटं ठेवून कसं चालेल? आणि तिला तुझ्याशिवाय कोण सांभाळणार?"

"ती मला ओळखत नाही."

"म्हणून तर," वहिनी म्हणाली. "आम्हाला ओळखतात ना, मग सारख्या आमच्याच मागे लागतात. तुम्ही असलात की शांत असतात."

 ताई म्हणाली, "दाराला कडी आतून पाहिजे."

"लाव गं बाई तुझी कडी," भाऊ हसला. "तुझ्या कडीवर कुणाचा डोळा आहे?"

*

सामान वर आलं त्या दिवशी मिस्त्रीने शब्द पाळला. ताईच्या डोळ्यांदेखत त्याने कडी आतून बसवली, चार जाड स्क्रूंनी, तेलाचे दोन थेंब सोडले आणि ती दोनदा सरकवून दाखवली. लोण्यातून सुरी जावी तशी ती जायची. शेवटी "खट" असा भरीव आवाज यायचा.

दुपारी आई झोपली होती. घरात बाकीच्यांची आवराआवर चालली होती. ताईने दार लोटलं, कडी लावली आणि कॉटवर बसली. बाहेर पावलं इकडून तिकडे जात होती, भावाची, वहिनीची, भाचीची, पण ती दारावरून पुढे जात होती. कुणी ओलांडत नव्हतं. तिने पाय पसरले. मग आडवी झाली. एकतीस वर्षांनी तिने दिवसाउजेडी अंथरुणाला पाठ टेकली आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. पाऊण तास. आयुष्यातलं निर्भेळ म्हणावं असं सुख एवढंच, म्हणून आकडा नीट सांगितला.

आई जागी झाली ती कडीच्या आवाजाने. "काय वाजलं?"

"कडी, आई. बघ ना, किती छान आहे. अशी लागते. अशी निघते."

आई उठून दाराशी आली. तिने स्वतः कडी सरकवली. खट. आणि ती हसली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती, ती लहान पोरीसारखी हसली. "पुन्हा," म्हणाली. ताईने पुन्हा दाखवली. मायलेकी कितीतरी वेळ तो खेळ खेळत बसल्या. आईने तिच्या हातावर हात ठेवला होता. तो हात असा मायेने ठेवलेला ताईला आठवतच नव्हता. मग रोज दुपारी तोच खेळ. अशी लागते आई. बघ, अशी लागते.

इथेच ताईने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आई सकाळी खाल्लेलं दुपारी विसरायची, पोटच्या पोरीला विसरली होती, पण कडी तिच्या हातात बसली. आणि तीही अर्धीच. लावायची कशी ते राहिलं. काढायची कशी ते राहिलं नाही.

पाचव्या दिवशी ताई बाहेरच्या नव्या पायऱ्यांवर पाणी मारायला गेली. आत खट वाजलं.

आईला आधी मजा वाटली असावी. मग दार उघडेना, तेव्हा ती घाबरली आणि ओरडायला लागली. "मला कोंडलं! हिनं मला कोंडलं!" ताई दाराला तोंड लावून सांगत होती, आई, डावीकडे ओढ, आई, डावीकडे. आईला डावं-उजवं कुठलं कळायला? आत काहीतरी पडलं, तांब्या असावा, मग कॉट सरकल्याचा आवाज आला, मग नुसतं हुंदके देणं. त्या उतारावर आवाज खालपर्यंत जातो. खालच्या घरांतली माणसं अंगणात येऊन वर बघायला लागली. भाऊ कामावरून धावत आला. झरोक्यातून मांजरही गेलं नसतं. शेवटी मिस्त्रीला बोलावलं आणि त्याने आपणच बसवलेल्या दाराची एक फळी पटाशीने फोडली, हात आत घातला आणि कडी काढली.

आई कोपऱ्यात ओल्या लुगड्यात बसली होती. कपाळाला टेंगूळ आलं होतं. मुलाला बघताच तिने दोन्ही हात पसरले आणि त्याच्या खांद्यावरून ताईकडे बोट दाखवलं. "या बाईनं केलं. हिला काढून टाक घरातून."

कुणी हसलं नाही. भावाने आईला थोपटलं आणि मग ताईकडे असं पाहिलं की तिला एकदम तो काठीवाला म्हातारा आठवला. त्याने भिंत धरायच्या आधी तिच्याकडे असंच पाहिलं होतं. फरक एवढाच की म्हाताऱ्याच्या हाती काही नव्हतं.

"हौस झाली कडीची?" भाऊ म्हणाला.

"मी नुसती दाखवली तिला."

"दाखवली. वेड्या माणसाला कडी दाखवली." त्याचा आवाज अजूनही चढलेला नव्हता. "उद्या ही आत मेली असती तर लोकांनी काय म्हटलं असतं? आणि दार उघडं ठेवायचीही सोय नाही. घराबाहेर पडली की पायऱ्या आणि पुढे सरळ दरी. मिस्त्री, कडी बाहेरून लावा."

मिस्त्रीने फळी ठोकता ठोकता हात थांबवला. एवढंच केलं. मग स्क्रूड्रायव्हर काढला.

"बाहेरून कशी?" ताई म्हणाली. "मी आत असते."

"तू आत असलीस की कशाला लावतोय कुणी? तू बाहेर असतानाच. तिच्यासाठी."

"आणि कधीतरी पाहुणे वगैरे असले तर," वहिनी म्हणाली. "तेवढ्यापुरती. तुम्ही जवळ असलात तर त्याही गोंधळ घालणार नाहीत."

"मग आतून एक दुसरी लावा. साधी. छोटी."

"ताई," भाऊ म्हणाला, "आत्ता काय झालं ते बघितलंस ना?"

बघितलं होतं. या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच तर त्यातलं विष. ताईने मिस्त्रीकडे पाहिलं. "तुम्ही शब्द दिला होता. मला निजवून रेघ मारली होती तुम्ही."

मिस्त्री चौथा स्क्रू पिळत होता. "दिला होता आणि पाळला," तो म्हणाला. "पाच दिवस पाळला. रेघ मारून देणं माझं काम, ताई. ती राखणं ज्याचं त्याचं. तुम्ही पहिल्या दीड हाताला ओरडला असता तर मी खडकाला सुरुंग लावला असता. पन्नास घरं बांधली, खडक कधी अडला नाही मला." त्याने कडीत तेलाचे दोन थेंब सोडले. ताईला आता कळलं, खडक उठला असता.

*

पुढच्या आठवड्यात भावाच्या कार्यालयातली माणसं घर बघायला आली. वहिनीने नवे पडदे लावले होते. मिस्त्रीलाही मुद्दाम बोलावलं होतं, कारण पाहुण्यांपैकी दोघांना डोंगरावर घर बांधायचं होतं. चहा ताईनेच केला. ट्रे घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली, तेवढ्यात आतून आई बाहेर आली, पदर खांद्यावरून सुटलेला, आणि पाहुण्यांना विचारायला लागली की बस किती वाजता आहे.

"ताई," वहिनी गोड आवाजात म्हणाली आणि तिने तिच्या हातातला ट्रे घेतला, "जरा यांना घेऊन आत बसता का?"

ताईने आईला दंडाला धरून आत नेलं. कॉटवर बसवलं. पदर सारखा केला. मागून कुणीतरी दार ओढून घेतलं आणि कडी सरकली. पावलावरून तिने ओळखलं, भाची. कडी अगदी सहज गेली. खट.

ताई उठून दाराशी गेली. आतल्या बाजूला फळीवर चार छिद्रं राहिली होती, स्क्रूंची. तिने एकात बोट घालून पाहिलं. हाक मारावी असं तिला वाटलं. पण बाहेर लोक होते, आणि लोकांसमोर हाक मारली तर ती काय म्हणून मारायची, हे तिला सुचेना. ती दाराला टेकून उभी राहिली.

पाहुणे घर बघत बघत मागच्या बाजूला आले. दाराच्या फटीत सावल्या थांबल्या.

"आणि ही?" एक बाई विचारत होती.

"ही ताईंची," वहिनी म्हणाली. "आल्या दिवसापासून त्यांना स्वतःची खोली हवी होती. म्हटलं, त्यांचीच जमीन, त्यांना पहिली."

"कडी काय सुंदर आहे हो. पितळी ना? हल्ली मिळत नाहीत अशा."

"त्यांनीच आणलीय. हौस फार त्यांना."

"मिस्त्री, आम्हालाही अशीच द्या बसवून." सगळे हसले आणि सावल्या पुढे गेल्या.

आई कॉटवर पाय हलवत बसली होती. तिने खोलीभर नजर फिरवली, झरोक्याकडे पाहिलं, मग ताईकडे. बऱ्याच वेळाने तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी आलं, पण ती ओळख मुलीची नव्हती. एकाच बाकावर बसलेल्या दोन अनोळखी बायकांची असते तशी होती.

"तुम्हालाही इथंच ठेवलंय?" तिने हळूच विचारलं. "आपल्याला न्यायला कुणी येणार आहे का हो?"

ताई दारापासून निघून तिच्याशेजारी बसली. एकोणतीस वर्षं खिडकीत बसून दिलेलं उत्तर तिच्या तोंडात तयार होतं.

"वर्षभर वाट बघायची, आजी," ती म्हणाली. "नियम आहे."